‘फाईल दुसरीकडे उघडी आहे’: सामायिक कॅलेंडर कुठे अडकतं आणि कसं सोडवायचं

तुळशीची लग्नं लागली की आमच्या सांगली-मिरजेत मंगल कार्यालयांचे फोन दिवसभर वाजत राहतात. अशाच दिवसांत एका कार्यालयातून सकाळी साडेदहाला मला फोन आला. “सर, फाईल परत अडकली बगा. पाहुणे समोर बसलेत आणि तारीखच टाकता येईना.” काउंटरवरच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या. तासगावकडचं कुटुंब होतं. गुरुजींकडून मुहूर्त काढून, अ‍ॅडव्हान्सचे पैसे बरोबर घेऊन आलेलं.

मी पोचेपर्यंत ताईंनी आपल्या परीने वाट काढली होती. स्क्रीनवर ‘फाईल दुसरीकडे उघडी आहे’ अशी चौकट आली होती, तिच्यात तीन बटणं होती. त्यातलं ‘रीड ओन्ली’ दाबून त्यांनी तारखांची एक्सेल फाईल उघडली आणि बुकिंग लिहिलं. सेव्ह करताना एक्सेलने दुसरं नाव मागितलं, तेव्हा ‘तारखा नवीन’ असं नाव दिलं आणि पावती फाडून पाहुण्यांना पेढे दिले. आत केबिनमध्ये कार्यालयाचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, मूळची ‘तारखा’ फाईल उघडून बसले होते. दुपारी त्यांनी फोनवर कवठेमहांकाळच्या एका ओळखीच्या माणसाला तीच तारीख देऊन टाकली. दोन फाईली, दोन नोंदी, एकच दिवस. घोळ आठ दिवसांनी उघडकीला आला. अण्णा स्वतः तासगावला गेले, हात जोडले, तेव्हा त्या कुटुंबाने दुसरा मुहूर्त घेतला.

गेली बारा-तेरा वर्षं मी सांगली, मिरज, विट्याकडच्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो. दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या वेळा, वकिलांच्या कोर्टाच्या तारखा, हॉलचं बुकिंग असं एक कॅलेंडर जिथे तीन-चार जण मिळून वापरतात, तिथे ही तक्रार कधी ना कधी येतेच. आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर दोनच इलाज केले जातात. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, नाहीतर आड येणारी फाईल उडवायची. पहिल्याने वेळ जातो. दुसऱ्याने कधीकधी अख्ख्या वर्षाचं बुकिंग जातं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लॉक म्हणजे पाण्याची पाळी

म्हैसाळ किंवा ताकारी योजनेचं पाणी ज्यांच्या रानात येतं त्यांना लॉक वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चारीला पाणी आलं की पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी तो दारं धरतो, बाकीचे थांबतात. मधेच दुसऱ्याने दारं मोडलं तर पाणी दोघांच्याही उसाला पुरत नाही आणि वर भांडण होतं ते वेगळंच. फाईलचंही असंच आहे. लिहिण्यासाठी जो आधी उघडतो त्याची पाळी. प्रोग्रॅम विंडोजला सांगतो, ही फाईल मी घेतलीय, दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका.

याची गरज का पडते ते एका उदाहरणात दिसेल. समजा लॉक नाहीच. ताईंनी दहा वाजता फाईल उघडली, अण्णांनी दहा-पाचला. प्रोग्रॅम अख्खी फाईल वाचून आपल्या मेमरीत घेतो आणि सेव्ह करताना अख्खी परत लिहितो. अण्णांनी १२ तारखेचं बुकिंग टाकून सेव्ह केलं. ताईंच्या स्क्रीनवर मात्र दहा वाजताचीच फाईल आहे, तिच्यात ती १२ तारीख नाही. त्यांनी १५ तारीख लिहून सेव्ह केलं की त्यांची फाईल वर बसली आणि अण्णांची नोंद गेली. कुठलीही सूचना नाही, लाल अक्षरं नाहीत. जो शेवटी सेव्ह करतो त्याचंच उरतं.

कॅलेंडरच्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाणारी ‘आयसीएस’ फाईलही याच जातीची. आयकॅलेंडर नावाचा हा सर्वमान्य नमुना १९९८ मध्ये ठरला, त्याची सुधारित आवृत्ती २००९ ची. साधी मजकुराची फाईल असते, नोटपॅडमध्येही वाचता येते. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला कॅलेंडर पाठवतो तेव्हा ती फार उपयोगाची. पण तीच फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये (एका कॉम्प्युटरवरचा, बाकीच्यांना नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर) ठेवून चौघांनी तिच्यात लिहायला सुरुवात केली, की एक नोंद बदलण्यासाठी सगळी फाईल नव्याने लिहिली जाते. म्हणजे वरचं सगळं तिलाही लागू.

चिठ्ठी वेगळी, कुलूप वेगळं

आपण ज्याला सरसकट ‘लॉक’ म्हणतो त्यात खरं तर दोन गोष्टी असतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

पहिली गोष्ट म्हणजे विंडोजने घातलेलं कुलूप. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याची फाईल नसते. ते उघडणाऱ्या प्रोग्रॅमला बांधलेलं असतं. प्रोग्रॅम बंद झाला, क्रॅश झाला, तरी विंडोज ते आपोआप काढतं.

दुसरी म्हणजे चिठ्ठी. प्रोग्रॅम फाईलशेजारी एक छोटी फाईल बनवून ठेवतो, “आत मी आहे” असं सांगणारी. एक्सेलची चिठ्ठी मूळ नावाच्या आधी ~$ अशी खूण लावलेली असते आणि लपलेली असते. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’ चालू केलं की दिसते. आकार जेमतेम १६५ बाइट, आणि आत उघडणाऱ्याचं नाव. लिबर ऑफिस या एक्सेलसारखंच काम करणाऱ्या फुकट पॅकेजची चिठ्ठी .~लॉक अशा नावाने सुरू होते. तिच्यात नाव, कॉम्प्युटर आणि वेळ असं तिन्ही मिळतं, नोटपॅडमध्ये उघडून वाचा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेलं बुकिंगचं सॉफ्टवेअर असेल तर ‘एलएसीसीडीबी’ शेपटाची चिठ्ठी दिसेल.

फाईल नीट बंद केली की प्रोग्रॅम स्वतःच चिठ्ठी उचलतो. पण एखाद्या दुपारी लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली असते, कॉम्प्युटर फटकन बंद होतो. कुलूप त्याच्याबरोबर गेलं. चिठ्ठी मात्र शेअर्ड फोल्डरमध्ये, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, जागच्या जागी राहिली. आता ती सगळ्यांना सांगत बसते की अण्णा आत आहेत, आणि अण्णा तर जेवायला घरी गेलेत.

आणखी एक अडचण चिठ्ठीतूनच येते. ज्याला त्या फोल्डरमध्ये नवी फाईल बनवायची आणि काढायची परवानगी नाही, त्याची चिठ्ठी तयारच होत नाही, किंवा झाली तर उचलता येत नाही. ‘फक्त ही एक फाईल बदलता यावी’ अशी काटेकोर परवानगी कुणी देऊन ठेवली असेल तर लॉक रोज अडकेल. कॅलेंडर वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची आणि काढण्याची परवानगी लागते. म्हणून कॅलेंडरसाठी वेगळा फोल्डर करावा, हिशोबाच्या फाईली तिथे ठेवू नयेत.

आत कोण आहे?

अडकलेली फाईल समोर आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो. सूचनेतच नाव येतं, पण आपल्याकडे ते नाव कामाचं नसतं. त्या कार्यालयात तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्हींवर एक्सेलने ‘यूजर’ हेच नाव धरलं होतं. “युजरने उघडलीय म्हणतंय, पण हा युजर कोण?” ताईंचा प्रश्न अगदी रास्त होता. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये, जनरल या भागात, नाव बदलायची जागा असते. तिथे एका कॉम्प्युटरला ‘काउंटर’, दुसऱ्याला ‘केबिन’, वरच्या मजल्यावरच्याला ‘भांडार’ असं लिहून दिलं. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर माझे निम्मे फोन कमी झाले, कारण सूचनेत ‘केबिन’ आलं की ताई सरळ आत हाक मारतात.

नावावरून कळलं नाही तर ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर केलेला आहे तिथे जाऊन बसायचं. कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘सेशन्स’ आणि ‘ओपन फाईल्स’. कुठल्या कॉम्प्युटरवरून कोण जोडलेलं आहे, किती वेळ शांत आहे आणि कुठली फाईल धरून आहे, हे ओळीने दिसतं. पुष्कळ जण इथे टास्क मॅनेजर उघडून शोधत बसतात आणि काही सापडत नाही म्हणून हैराण होतात. नेटवर्कवरून उघडलेली फाईल मूळ कॉम्प्युटरवर ‘सिस्टीम’च्याच नावावर असते, त्यामुळे तिथे एक्सेल शोधून मिळणार नाही. फाईल त्याच कॉम्प्युटरवरच्या एखाद्या प्रोग्रॅमने धरली असेल तर मात्र रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’ या जागी फाईलचं नाव टाका, धरणारा प्रोग्रॅम सापडतो. लिनक्सवर सांबा (विंडोजवाल्यांना फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्रॅम) असेल तर ‘एसएमबीस्टेटस’ ही आज्ञा हीच माहिती देते.

ओपन फाईल्सच्या यादीत उजवी क्लिक करून फाईल जबरदस्तीने बंदही करता येते. माझा हात तिथे आजही दबकतच जातो. पलीकडे कुणी अर्धी नोंद लिहून चहाला गेलेलं असेल तर ती नोंद गेली. आधी फोन करा, प्रत्यक्ष जाऊन बघा, मगच बंद करा.

चिठ्ठीच्या बाबतीत एक साधी परीक्षा आहे. चिठ्ठीची फाईल काढून पाहायची. एक्सेल चालू असेल तर ते स्वतःची चिठ्ठी धरून असतं, त्यामुळे विंडोज म्हणतं, वापरात आहे, काढता येणार नाही. म्हणजे आत माणूस आहे. सहज निघाली तर बहुधा मागे राहिलेली होती. ‘बहुधा’ मुद्दाम म्हणतोय. एकदा एका लॅपटॉपचं झाकण एक्सेल चालू असतानाच मिटलेलं होतं. झोपलेल्या लॅपटॉपचं नेटवर्क तुटलं, त्याबरोबर कुलूप सुटलं, चिठ्ठी आम्ही सहज काढली आणि काम सुरू केलं. तासाभराने झाकण उघडलं, तर एक्सेल जुनीच फाईल घेऊन जागं झालं. सेव्ह दाबायच्या आत पाहिलं म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मूळ फाईलची एक प्रत दुसरीकडे काढायची. मग प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन, मिटलेले लॅपटॉपसुद्धा उघडून, फाईल बंद आहे ना ते डोळ्यांनी पाहायचं. चिठ्ठीला हात त्यानंतर.

या फाईलींना हात लावू नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही.

कॅलेंडरचे बरेच प्रोग्रॅम आपला डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. थंडरबर्ड या मेल आणि कॅलेंडरच्या प्रोग्रॅममधलं स्थानिक, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरचं, कॅलेंडरही असंच साठवलेलं असतं. “डेटाबेस इज लॉक्ड” ही सूचना इथलीच. मग माणूस फोल्डर उघडतो आणि मूळ फाईलशेजारी ‘-जर्नल’ किंवा ‘-वॉल’ अशा शेवटाची फाईल पाहतो. एक्सेलची सवय असल्यामुळे त्याला वाटतं, हीच चिठ्ठी, उडवा.

ती चिठ्ठी नाही. लिहिणं चालू असताना मधेच लाईट गेली तर डेटाबेस मूळ स्थितीत परत आणता यावा म्हणून आधीचा मजकूर जर्नलमध्ये काढून ठेवलेला असतो. ‘-वॉल’मध्ये तर मुख्य फाईलमध्ये अजून न गेलेल्या नव्या नोंदीच असतात. ही फाईल उडवली तर अर्धं लिहिलेलं अर्धंच राहतं, आणि आज टाकलेली बुकिंग नाहीशी होऊ शकतात. कॅलेंडर अजिबात उघडेनासंही होतं. करायचं एवढंच, की सगळे प्रोग्रॅम बंद करायचे, शेपटाच्या फाईलींसह सगळा फोल्डर कॉपी करून घ्यायचा आणि एकाच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम शांतपणे उघडायचा. जर्नल पाहून तो स्वतःच दुरुस्ती करतो.

मुळात एसक्यूलाइटची फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी उघडणं हेच चुकीचं आहे. ते बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये लॉकचा भरवसा धरता येत नाही, आणि वॉल पद्धत तर एकाच कॉम्प्युटरच्या सामायिक मेमरीवर चालते, नेटवर्कवरून चालतच नाही. थंडरबर्डचं अख्खं प्रोफाइल, म्हणजे त्याचा सगळा डेटा असलेला फोल्डर, शेअरवर टाकून दोघांत वापरायचा प्रयोग मी दोन ठिकाणी पाहिलाय. दोन्हीकडे शेवट वाईट झाला.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरचंही तसंच. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरवर फाईलची आपापली प्रत असते आणि एकाचं कुलूप दुसऱ्याच्या प्रतीला लागत नाही. दोघे एकदम लिहितात आणि मग जास्तीची फाईल उगवते, ड्रॉपबॉक्समध्ये ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ अशा नावाची. ती दिसली की कुणाची तरी नोंद बाजूला पडलीय असं समजा आणि दोन्ही फाईली समोरासमोर ठेवून तपासा.

बाकी किरकोळ कारणं पटकन सांगतो. फोल्डरचा प्रीव्ह्यू पेन चालू असला तर फाईलवर नुसती एक क्लिक केली तरी ती धरली जाते, तो बंद ठेवा. अँटीव्हायरस आणि बॅकअप भर कामाच्या वेळी चालत असतील तर त्यांची वेळ रात्रीची करा. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याला झोपू देऊ नका, आणि त्याच्या नेटवर्क कार्डची वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची सेटिंग काढून टाका. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेले, ते योग्यच केलं. पण केबल न ओढता वायफायवर भागवलं असेल तर कनेक्शन मधेमधे तुटतं. आणि तुटलेलं कनेक्शन परत येईल म्हणून विंडोज काही मिनिटं कुलूप राखूनही ठेवतं. तिथे केबलच ओढावी.

फाईल सोडा, नोंदी वाटून घ्या

हे सगळं नीट केलं तरी एक मर्यादा राहतेच. पूर्ण फाईलवर एकच कुलूप म्हणजे मार्चची तारीख बघणाऱ्यामुळे डिसेंबरची तारीख लिहिणारा अडतो. अख्खी चारी एका सरीसाठी अडवून धरल्यासारखं.

यावरची पद्धत २००७ मध्ये कॅलडॅव्ह या नावाने ठरली. इथे सगळी कॅलेंडर एका सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांची मागणी पुरवणाऱ्या एका प्रोग्रॅमकडे, असतात आणि फाईलला तोच एकटा हात लावतो. आपला प्रोग्रॅम त्याला फक्त एकेक नोंद मागतो किंवा देतो. प्रत्येक नोंदीला एक खूणगाठ असते, तिला ईटॅग म्हणतात. नोंद बदलली की खूणगाठ बदलते. मी नोंद बदलून पाठवतो तेव्हा सांगतो, मी पाहिलं तेव्हा ही खूणगाठ होती. मधल्या वेळात दुसऱ्याने ती बदलली असेल तर खुणा जुळत नाहीत आणि सर्व्हर ४१२ क्रमांकाचं उत्तर देऊन माझा बदल परत करतो. कुणीही तासन्‌तास काही अडवून ठेवत नाही, आणि नकळत पुसलंही जात नाही. रॅडिकाले किंवा बायकाल हे छोटे सर्व्हर फुकट मिळतात, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात. थंडरबर्ड त्यांना सहज जोडता येतं. स्वतः सांभाळायचं नसेल तर गूगल कॅलेंडरसारखी सेवा घ्या.

पण यातही लग्नाच्या तारखेचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे मला उशिरा कळलं. ताईंनी १२ तारखेला एक नवी नोंद केली आणि अण्णांनी त्याच तारखेला दुसरी नवी नोंद केली, तर सर्व्हरच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या नोंदी. खुणा जुळायचा प्रश्नच नाही, दोन्ही गुमान आत जातात. म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. पंचांग समोर ठेवून वर्षातल्या सगळ्या मुहूर्तांच्या दिवशी ‘मोकळी’ अशी एकेक नोंद आधीच टाकून ठेवली. बुकिंग करायचं म्हणजे नवी नोंद करायची नाही, त्या ‘मोकळी’लाच नाव द्यायचं. आता दोघांचा हात एकाच नोंदीवर पडतो आणि दुसऱ्याला थंडरबर्ड विचारतं, ही नोंद सर्व्हरवर बदललेली आहे, तुमचा बदल टाकायचा की सोडून द्यायचा? ताईंना एवढंच पक्कं सांगून ठेवलंय की अशा वेळी ‘टाका’ हे बटण कधीही दाबायचं नाही.

मागच्या महिन्यात मी प्रिंटरच्या कामासाठी तिथे गेलो होतो. काउंटरवर बुधगावचे पाहुणे बसले होते. ताईंनी नाव लिहिलं, सेव्ह केलं आणि थांबल्या. मग खुर्ची मागे सारून केबिनकडे वळून म्हणाल्या, “अण्णा, २१ तारीख आत्ता तुम्ही कुणाला दिली का?”

आतून आवाज आला, “होय गं, मिरजेच्या डॉक्टरांना. दोनच मिनिटं झाली.”

ताईंनी बदल सोडून दिला आणि पाहुण्यांना विचारलं, “२३ चालेल का बघा, तोही मुहूर्त चांगलाय.”